कुऱ्हाडीचा डावा गाल

ज्या माणसाचा डावा हात तुळतुळीत असतो तो माणूस चांगला असतो, असं माझं मत आहे. या मताला शास्त्राचा काही आधार नाही. एकाच माणसावरून बनवलेलं मत आहे आणि आता या वयात मी ते बदलणार नाही.

तो माणूस म्हणजे आमचे हेडमास्तर. आम्ही त्यांना हेडसर म्हणायचो. त्यांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत आणि उजव्यावर मात्र रान माजलेलं. त्याचं कारण असं की हेडसर जुन्या, गंजलेल्या, लोकांनी टाकून दिलेल्या कुऱ्हाडी शोधून आणायचे, त्यांना घासूनपुसून पुन्हा कामाला लावायचे आणि धार नीट बसली का, हे स्वतःच्या डाव्या हातावरचे केस भादरून बघायचे. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी हात नव्यानं चकाकताना दिसला की पोरं एकमेकांना कोपरानं ढोसायची. "सरला नवी कुऱ्हाड घावली."

एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. दुष्काळ नुकताच सरला होता. पेडगावच्या पुढं आडवाटेला असलेल्या एका गावच्या शाळेत माझी नेमणूक झाली. मी परभणीत वाढलेली, नुकतीच लग्न झालेली, आणि स्वभावानं जरा तिखट. नवऱ्याची नोकरी परभणीच्या एका कचेरीत, सासर पिंगळीला. रोज जाऊन येऊन नोकरी जमेना, म्हणून गावातच एक खोली घेतली. गॅस म्हणजे पोटात होतो तेवढाच गावाला माहीत होता. चूल आली, चुलीबरोबर सरपण आलं. बाभळीचे चार ओंडके कुणीतरी बैलगाडीतून माझ्या दारात टाकून गेलं आणि मी शाळेच्या शिपायाला म्हटलं, "मामा, एवढे फोडून द्यायला कुणी मिळेल का?"

मामा घाबरल्यासारखे झाले. म्हणाले, "ते हेडसरला इचारा."

हेडसरांनी माझं बोलणं ऐकून घेतलं. मग खिशातून सुतळी काढली, मला हात सरळ करायला सांगितला आणि खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत माप घेऊन सुतळीला गाठ मारली. मला वाटलं, हा काहीतरी सरकारी प्रकार असेल. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्या टेबलावर एक कुऱ्हाड ठेवली. लहानशी, नवा पिवळसर दांडा, पातं आरशासारखं.

"घ्या बाई. तुमच्या मापाची हाय."

"अहो सर, पण ही चालवणार कोण?"

"जळण कुणाचं हाय?"

"माझं."

"मग?"

मी काही बोलणार तोच ते म्हणाले, "आपलं जळण आपण फोडायचं. ह्या शाळेत सगळ्यायनाच लागू हाय ते. मला बी."

मी संतापले. त्याच दिवशी नवऱ्याला पत्र लिहिलं की माझा हेडमास्तर ठार वेडा आहे, बदलीचं बघा. उलट टपाली उत्तर आलं, त्यात एकच ओळ होती, "शिकून घे, इकडेही उपयोग होईल." माझ्या नवऱ्याला विनोद कधी करावा हे कधीच कळलं नाही.

पण शिकले. हेडसर रविवारी सकाळी माझ्या दारात येऊन उभे राहायचे, स्वतः ओंडक्याला हात लावायचे नाहीत, नुसतं तोंडानं शिकवायचे. वर्गात त्यांची भाषा अगदी पुस्तकातली असायची, 'समजा, त्रिकोण अबक'. सरपणापुढं आले की पुस्तक गळून पडायचं. "पाय फाकवा बाई. आणिक जरासक. नजर कुऱ्हाडीवर कामून? तिला तिचं काम म्हायतीय. नजर लाकडावर ठिवा. आता मारू नका, सोडा. नुसती सोडा. हां! बगा, लाकूड स्वतःच तयार होतं फुटायला, तुमीच उगा त्याच्यावर राग काढायलाव." गाठ लागली की म्हणायचे, "तिला सलाम करा अन् बाजूनं जावा. गाठीशी हुज्जत घालायची न्हाई." पंधरा दिवसांत माझ्या तळहातांना घट्टे पडले आणि महिन्याभरात मी ओंडका एका घावात दोन करायला लागले. खरं सांगते, त्या पहिल्या दोन फाकळ्या दोन बाजूंना पडल्या तेव्हा मला बीएडच्या निकालापेक्षा जास्त आनंद झाला होता.

त्यांचा तो नियम वरवर दिसतो तेवढा कडक नव्हता. गावात कुणी आजारी पडलं, कुणाच्या घरी कर्ता माणूस उरला नाही, तर हेडसर आपल्याच अंगणात सरपण फोडायचे आणि भारा डोक्यावर घेऊन त्या घरी नेऊन टाकायचे. म्हणायचे, "माझ्या घरचं जळण हाय, ठिवून घ्या." पण दुसऱ्याच्या दारात उभं राहून त्याचं लाकूड फोडणं, हे त्यांच्याकडून कलेक्टरलाही करून घेता आलं नसतं. हा फरक मला तेव्हा केसाएवढा वाटायचा. तो केवढा मोठा आहे हे नंतर कळलं.

त्यांच्याकडं चाळीसेक कुऱ्हाडी असतील. निजामाच्या राजवटीतल्या, जंगलखात्याचा उर्दू शिक्का असलेल्या, रेल्वेच्या कामावर आलेल्या विलायती, बाकी गावोगावच्या लोहारांनी घडवलेल्या. परभणीच्या भंगाराच्या दुकानात ते ढिगापुढं उकिडवे बसायचे, प्रत्येक लोखंड चावीनं वाजवून कान लावायचे. एसटीत पिशवीतून कुऱ्हाडीचं तोंड बाहेर आलेलं असायचं आणि कंडक्टर त्यांच्या शेजारी कुणाला बसवताना विचार करायचा. कुणाकडची जुनी कुऱ्हाड फुकट घ्यायची नाही, तिच्या बदल्यात एक तयार, धारेची कुऱ्हाड द्यायची, अशी त्यांची पद्धत. सगळ्या कुऱ्हाडींची नोंद शाळेच्या एका जुन्या, बाद झालेल्या हजेरीपटात. विद्यार्थ्याच्या नावाच्या रकान्यात गावाचं नाव, पुढं वय आणि त्याच्यापुढं स्वभाव. 'मानवत. वय पन्नास. गरीब.' 'जिंतूर. वय साठ. तापट, पण मनानं चांगली.' माझ्या कुऱ्हाडीपुढं काय लिहिलं होतं ते मी एकदा चोरून वाचलं. 'सेलू. वय तीस. लवकर तापते, लवकर निवते. बाईंना द्यावी.'

शाळेच्या आवारातला दुष्काळात वाळलेला कडुनिंब पाडला तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. झाड वर्गांच्या पत्र्याला लागून होतं, कधी कोसळेल सांगता येत नव्हतं. सरपंच म्हणाले, करवतवाले आणू. हेडसर म्हणाले, मी पाडतो आणि म्हणाल तिथं पाडतो. त्यांनी काठीची सावली मोजली, झाडाची सावली मोजली, फळ्यावर गणित मांडलं, सातवीच्या वर्गाकडून ते सोडवून घेतलं आणि मैदानावर चुन्यानं एक रेघ ओढली. रेघ संपते तिथून पुढं दोन हात सोडून स्वतःची सायकल लावली. "हितं सुरक्षित हाय," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मग दोन दिवस तो माणूस झाडाभोवती काम करत होता. ज्या अंगाला पाडायचं त्या अंगाला मोठी खाच, तिच्या मागच्या बाजूला चार बोटं वर दुसरी. घाव एका लयीत, घाई नाही. ढलप्या तळहाताएवढ्या उडायच्या. शेवटी झाड करकरलं, हेडसर शांतपणे चार पावलं मागं आले आणि कडुनिंब त्या चुन्याच्या रेघेवर असा आडवा झाला की रेघ दिसेनाशी झाली. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. धुरळा खाली बसला तेव्हा दिसलं की शेंड्यानं सायकलची पापडी केली आहे. झाडाच्या सावलीचं टोक शेजारच्या भिंतीवर चढलं होतं, तेवढं मोजायचं राहून गेलं होतं.

हेडसरांनी सायकलीचं वाकलेलं हँडल उचलून बघितलं. मग म्हणाले, "रेघ बरोबर हाय. सायकल चुकलीय."

त्यानंतर दोन महिने ते चालत शाळेत आले, पण चूक सायकलीचीच.

आता कुऱ्हाडीच्या गालाबद्दल. पात्याच्या दोन सपाट बाजूंना हेडसर गाल म्हणायचे. नवी कुऱ्हाड मिळाली की ते आधी फक्त तिचा डावा गाल साफ करायचे. चिंचेच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, सकाळी विटेच्या भुकटीनं तेवढी एकच बाजू घासायची. मग ती अर्धवट कुऱ्हाड घेऊन ते ओसरीवर जायचे. तिथं बाजेवर त्यांचे वडील बसलेले असायचे, आबा. पंचाहत्तरीचे, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. हेडसर कुऱ्हाड त्यांच्या मांडीवर ठेवायचे. आबांचा अंगठा त्या गालावरून हळूहळू फिरायचा, दांड्याच्या भोकापासून धारेपर्यंत आणि परत. मग आबा म्हणायचे, "न्हाई."

"बरं," असं म्हणून हेडसर कुऱ्हाड उचलायचे आणि उरलेली घासायला घ्यायचे.

हे मी चार-पाच वेळा बघितलं आणि मग मला राहवेना. हेडसरांना विचारायची छाती नव्हती. त्यांच्या बायकोला, वहिनींना विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. पाखडता पाखडताच त्यांनी सांगितलं.

हेडसरांचं गाव पाथरीकडचं. आबांच्या घराण्याकडं गावकीची कामं होती, त्यातलंच एक म्हणजे गावातल्या बड्या जमीनदाराच्या घरचं सरपण फोडायचं. बोलावणं आलं की जायचं, उन्हातान्हात फोडायचं, आणि वाढतील ते शिळंपाकं घेऊन यायचं. छप्पन्न साली वस्तीनं दीक्षा घेतली आणि ठरवलं की आता गावकीचं एकही काम करायचं नाही. आबा त्याच दिवशी उठले. गावकीची काठी, घंटा, दोरखंड, होतं नव्हतं ते सगळं गोळा केलं, त्या घराच्या दारात नेऊन टाकलं आणि म्हणाले, "हे तुमचं तुमाला. म्या पुन्ना हितं येणार न्हाई." छाती काढून घरी आले. घरी आल्यावर लक्षात आलं की त्या ढिगात कुऱ्हाडही गेली.

आणि कुऱ्हाड त्या जमीनदाराची नव्हतीच. ती आबांच्या वडलांची होती. ते रेल्वेच्या रुळाच्या कामावर होते, तिथून रुळाचा एक तुकडा घेऊन आले, लोहाराकडून कुऱ्हाड घडवून घेतली आणि ओळखीसाठी डाव्या गालावर छिन्नीनं तीन टिंबं पाडली. घरात वडलांची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू.

"मग परत मागायची ना," मी म्हटलं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "पुन्ना येणार न्हाई म्हणून सांगितलं न् बाई त्यायनी. त्याच दारात कसं जावं? तवा गेले न्हाईत, अन् आता डोळे गेले. आता एकच म्हणणं हाय त्यायचं, मराच्या आदी एकदा हातात यावी. हे तवापासून हुडकायलेत. त्या घरी वाटण्या झाल्या, सामान कुठल्या कुठं गेलं. कुणाला म्हायती न्हाई."

मला त्या भंगारातल्या चावीच्या वाजण्याचा अर्थ तेव्हा कळला. रुळाचं लोखंड वेगळं वाजतं. चाळीस कुऱ्हाडी वेड म्हणून जमल्या नव्हत्या. त्या एकीला शोधताना जमल्या होत्या, आणि सापडलेली प्रत्येक कुऱ्हाड फेकवेना म्हणून तिला माणसात आणलं गेलं होतं. हेडसरांच्या ओसरीत खुंटीला धावड्याच्या लाकडाचा एक दांडा कायम टांगलेला असायचा, जवसाचं तेल पिऊन काळसर झालेला. मी एकदा विचारलं होतं, हा कुणासाठी? तेव्हा म्हणाले होते, "ह्याचं गिऱ्हाईक अजून यायचंय."

त्या पावसाळ्यानंतर माझ्या सासूबाई माझ्याकडं राहायला आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. 'एकटी सून कशी राहते ते बघावं' असं त्यांनी सांगितलं, पण खरं कारण त्यांच्या कानावर माझी कुऱ्हाड गेली होती. आल्या आल्या म्हणाल्या, "आमच्या घरच्या बायायनी कधी कुऱ्हाडीला हात लावला न्हाई." मी त्यांच्यासमोर ओंडका फोडून दाखवला. त्यांनी तोंड फिरवलं, पण फोडलेलं सरपण मोजून बघितलं. आत्याबाईंचं एक होतं. नावं ठेवायची ती फक्त घरच्यांना. परक्याच्या घरी मीठ नसलेली भाजी मुकाट्यानं खायच्या आणि छान झालीय म्हणायच्या. माझ्या स्वयंपाकाला मात्र रोज नाव ठेवायच्या.

वहिनी त्यांना चहाला बोलवायला आल्या. बोलता बोलता हेडसरांचं गाव निघालं आणि आत्याबाई फुलून गेल्या. "अगं, ते तर माझं माहेर!" मग त्यांनी आडनाव विचारलं. आडनाव ऐकलं आणि चेहऱ्यावरचं ते हसू जागच्या जागी विझलं. माहेरच्या जमीनदारीच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडून लग्नापासून ऐकत होते, त्यामुळं मला कळायला वेळ लागला नाही. आत्याबाई त्याच घरच्या लेक होत्या, ज्या घराच्या दारात आबांनी सगळं नेऊन टाकलं होतं.

तरी मी त्यांना नेलंच. ओसरीवर पाऊल टाकताना त्या मला काहीतरी बोलल्या, आणि तो आवाज ऐकून आबा ताडकन बाजेवरून उठून उभे राहिले. आंधळे डोळे, हात जोडलेले. "आक्कासाब का?"

हेडसरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, बसा."

आबा बसले. आत्याबाई उभ्याच राहिल्या. वहिनींनी चहा आणला तर म्हणाल्या, "माझा उपास हाय." त्यानंतर वहिनींनी जितक्या वेळा बोलावलं तितक्या वेळा उपास निघाला. मंगळवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, कुठली तरी सप्तमी. आठवड्यात इतके उपास मावतात हे मला त्या वर्षी कळलं. घरी येऊन त्या दोन भाकरी खायच्या.

मी चिडून हेडसरांना म्हटलं, "सर, आता तर त्या घरचं माणूस इथं आलंय. कुऱ्हाडीचं विचारा ना."

ते म्हणाले, "हुडकणं येगळं बाई, मागणं येगळं. आबानं मागितली न्हाई, म्या कसा मागू?"

मग मीच विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "आमच्या घरी पन्नास कुऱ्हाडी हुत्या. मला काय म्हायती?"

दिवाळीला आम्ही पिंगळीला गेलो. माजघरात पत्र्याची धान्याची कोठी होती. आत्याबाईंच्या आईच्या माघारी वाटण्या झाल्या तेव्हा ती त्यांच्या वाट्याला आली होती. तिचा एक पाय आखूड, त्याखाली कसलंसं लोखंड सरकवलेलं. माहेराहून गाडीत घालताना कोणीतरी दिलेलं, तेव्हापासून तिथंच. मी लग्न झाल्यापासून त्याच्याभोवती झाडत होते. त्या दिवशी झाडताना त्याच्यावर चढलेल्या चुन्याचा एक टवका उडाला आणि त्या लोखंडाला मला भोक दिसलं. दांड्याचं भोक. वर्षभर कुऱ्हाडीत घालवल्यावर ते भोक कुणाला शिकवावं लागत नाही.

मी नवऱ्याला हाक मारली, कोठी उचलायला लावली, पायाखाली वीट सारली. चिंच भिजवली, अंगणातून विटकर आणली आणि सणासुदीचं सगळं टाकून डावा गाल घासत बसले. आधी एक टिंब आलं, मग दुसरं. तिसरं आलं तेव्हा मी ते पदरानं पुसून तिन्ही पुन्हा मोजली.

आत्याबाई माझ्या मागं उभ्या होत्या. मी सांगितलं, ही आबांची आहे, मी परत नेणार.

"न्हाई न्यायची," त्या म्हणाल्या. "त्यानं आपल्या हातानं टाकली माझ्या भावाच्या दारात. टाकलेली वस्तू दाराची."

"टाकली नाही, चुकून गेली. ती गावकीची नव्हती, त्यांच्या वडलांची होती."

"मग मागायची हुती."

"मागितली असती तर दिली असती का तुमच्या भावानं? खरं सांगा."

सासूशी मी इतक्या मोठ्यानं आयुष्यात एकदाच बोलले. नवरा वर्तमानपत्राआड गेला आणि ते पान त्यानं बराच वेळ उलटलं नाही. आत्याबाई आत निघून गेल्या. पाडवा गेला, भाऊबीज गेली, माझ्याशी एक शब्द नाही. माझ्या करंज्यांना नावंसुद्धा ठेवली नाहीत, तेव्हा मला खरी भीती वाटली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर त्या कोठीशेजारी बसलेल्या, कुऱ्हाड मांडीवर. माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"माझ्या लग्नाचं सरपण त्यायनीच फोडलं. ह्याच कुऱ्हाडीनं. चार गाड्या लाकूड हुतं. मी बारा वर्साची, हळद लावून आत बसलेली, दिवसभर आवाज यायचा. बाकीच्या कुऱ्हाडी ठक् वाजायच्या, ही टण्ण वाजायची. पंगती उठल्या, समदे जेवले, तवा सगळ्यायच्या शेवटी त्यायला वाढलं. बाहीर, उन्हात, पानावर दुरून टाकून. म्या खिडकीतनं बघितलं. मला तवा काईच वाटलं न्हाई गं. त्याचंच आता लय वाटायलंय."

मग उठल्या आणि म्हणाल्या, "चल. मी येते."

एसटीत त्यांनी ती कुऱ्हाड माझ्याकडं दिली नाही. लुगड्याच्या पदरात गुंडाळून सबंध रस्ता मांडीवर धरून बसल्या.

आम्ही गेलो तेव्हा सकाळचं ऊन ओसरीवर आलं होतं. आबा बाजेवर, हेडसर अंगणात कुणाची तरी कुऱ्हाड कानशीनं घासत बसलेले. आत्याबाई थेट आबांपुढं गेल्या आणि पदर सोडून कुऱ्हाड त्यांच्या मांडीवर ठेवली. हेडसरांची कानस थांबली.

आबांचा अंगठा भोकापासून निघाला. मध्यावर आला आणि थांबला. मागं गेला, पुन्हा आला. एक, दोन, तीन. मग त्यांनी कुऱ्हाड दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"हाय," ते म्हणाले. "हीच हाय. बाची हाय माझ्या."

हेडसर धावत आले. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आलं तरी शिक्षकाचा स्वभाव जाईना, त्यांनी खिशातून चावी काढली आणि पात्यावर वाजवली. टण्ण. अंगणभर तो आवाज राहिला. मग त्यांनी तोंड फिरवलं आणि खुंटीवरच्या दांड्याकडं गेले, पण तो काढायला त्यांना फार वेळ लागला. मी रडत होते, ते मात्र मी लपवलं नाही.

दांडा हातात घेऊन हेडसर वळले तेव्हा पुन्हा नेहमीचे हेडसर झाले होते. हजेरीपट काढला आणि आत्याबाईंपुढं धरला. "आमी कुणाची कुऱ्हाड फुकट घेत न्हाईत. ह्यातली कंची बी पसंत करा."

आत्याबाईंनी हजेरीपट बाजूला सारला. "जी वस्तू आमची नव्हतीच, तिच्या बदल्यात काय घेऊ?"

हेडसरांनी हजेरीपट मिटून काखेत धरला आणि दांडा कुऱ्हाडीला लावून बघितला.

दांडा भोकात असा बसला, जणू त्याचं माप घेऊनच घडवला होता. वरून पाचर ठोकली. आबा म्हणाले, "एक लाकूड दे." हेडसरांनी त्यांना अंगणात आणून उभं केलं, पुढं बाभळीचा ओंडका ठेवला. आबांनी हातानं तो चाचपला, पाय फाकवले, कुऱ्हाड वर गेली आणि तिनं नुसतं खाली यायचं तेवढं केलं. मारली नाही, सोडली. ओंडका दुभंगला. तेव्हा मला कळलं की हेडसर मला जे शिकवायचे ते कुणाकडून आलेलं होतं.

आबा म्हणाले, "लई लाकूड फोडलं हिच्यानं. पन आमच्या चुलीत कायम काटक्या न् गोवऱ्याच. हिच्या हातचं जळण आमच्या घरी आज पैल्यांदा आलं."

वहिनी दारात उभ्या होत्या, आत जाऊ की नको अशा. इतक्या वेळा 'उपास' ऐकलेल्या बाईनं पुन्हा चहाचं विचारावं तरी कसं? आत्याबाई बाजेकडं गेल्या. आबा अजून अंगणातच उभे होते. "दादा, या, बसा तुमी," असं म्हणून त्यांनी त्यांना हाताला धरून आणलं, बसवलं आणि त्याच बाजेच्या दुसऱ्या टोकाला स्वतः बसल्या. वर वहिनींना म्हणाल्या, "काय गं, चहा टाकायचा का न्हाई? का आज तुज्याकडं उपास हाय?"

हेडसर इतक्या मोठ्यानं हसले की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

चहा त्याच दोन फाकळ्यांवर झाला. धूर थोडा आला, पण कुणी त्याचं काही म्हटलं नाही. वहिनींनी कप आत्याबाईंच्या हातात दिला आणि पदराचं टोक बोटात धरून समोर उभ्या राहिल्या. आत्याबाईंनी एक घोट घेतला, कप खाली केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "साखर लय कमी हाय गं."